गणपतअण्णांचं ‘सेडेटेड’

गणपतअण्णांना इंग्रजीतला एकच शब्द येतो, आणि तो त्यांनी अख्ख्या ताडकळसच्या डोक्यावर मारला आहे: ‘सेडेटेड’. ग्रामसभेत सरपंचांना डुलकी लागली, “सेडेटेड हाय.” एसटी जागची हलेना, “डायवर सेडेटेड हाय.” मोबाईलमध्ये मान घातलेली पोरं तर सरसकट सेडेटेड!

अण्णा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. डॉक्टर सुई मारायचे, हे पट्टी बांधायचे. पण रिटायर झाल्यावरही ऐट अशी, की जणू मोठे सर्जन. एकदा पिऊन पडलेल्या एकाला मी सेडेटेड म्हणालो, तर भर बाजारात माझी शाळा घेतली.

“सर, तुमी शिकलेली मान्सं असं कसं बोलायलाव? ती नशा. ज्याची त्यानं केलेली. सेडेटेड म्हंजे दुसऱ्यानं सुई देल्याली, भल्यासाठी. अन् ती उतरती.”

मी इंग्रजीचा शिक्षक. आता बोला!

दुसरी खोड म्हणजे कुठंही गेले की तासाभरात उठणार. लग्न असो की मयत, घड्याळ बघायचं अन् चालू पडायचं. घरी त्यांची बायको, आमच्या काकू, आजारी असतात हे ठाऊक होतं. पण आजारपण कोणाच्या घरी नसतं? माझ्या लेकीच्या साखरपुड्यात तर हा गृहस्थ भरल्या ताटावरून उठला. वर ताटातला लाडू रुमालात बांधून नेला! पाहुण्यांसमोर माझी लाज गेली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर चार शब्द सुनावायलाच मी त्यांच्या घरी गेलो.

काकू लोडाला टेकून होत्या. डोळे उघडे, नजर कुठंच नाही. चार वर्षं झाली, डोक्याच्या आजाराच्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत. अण्णा एका हातानं त्यांची मान सावरत सांगत होते, “नवरदेव उंच हाय बरं का. पोरीला हिरवी साडी लय शोभत व्हती.”

“अण्णा, त्यांना कळतं का?”

“सेडेटेड हाय, सर.” आवाज एकदम खाली आला. “बैलाला सुई देली का डॉक्टर निघून जायचे. त्यो उठेस्तोर मुंडकं धरून मीच बसायचो. एकटं सोडायचं नसतंय. डोळे उघडल्यावर वळखीचं कुनीतरी दिसावं लागतंय.”

कोनाड्यात तो रुमाल होता. त्यात लाडू, अख्खाच्या अख्खा. मला माझीच शरम वाटली.

“तुम्ही तरी खायचा होता, अण्णा.”

“अन् हिचं उतरलं, भूक लागली म्हनली, तर?”