एका मिनिटाचा अर्थ व उपयोग

टण्! ओट्यावर निथळत ठेवलेला चमचा घसरला आणि घराची शांतता मोडली. मूल झोपलेल्या घरात चमच्याचं वजन तोफगोळ्याइतकं भरतं; पदार्थविज्ञानाने हे मान्य केलेलं नसलं तरी समस्त आयांना मान्य आहे.

ठकी (वय वर्षं चार, झोपेशी जुनं वैर) उठली, डोळे चोळत खिडकीशी गेली.

"आई, लवकर ये! काचेवर गोगलगाय!"

"एक मिनिट हं, राणी."

इथे 'मिनिट' या इंग्रजी शब्दाचा खुलासा करणं भाग आहे. साठ सेकंदांचा काळ हा त्याचा अर्थ पुस्तकी असून वापरात तो फारसा आढळत नाही. न्हाव्याचं मिनिट म्हणजे पुढची तीन डोकी. ठकीच्या बाबांचं आंघोळीचं मिनिट बंबातलं पाणी संपेपर्यंत. मावशी निघताना दारात एक मिनिट थांबते, तेव्हा आतल्यांनी खुर्ची आणून द्यावी.

ठकीच्या आईला या विषयात अधिकार होता. कचेरीत तिचं कामच मुळी मिनिट्स लिहिण्याचं. बैठकीत कोण काय बोललं त्याच्या टिपणाला साहेबलोक मिनिट्स म्हणतात. बैठकीत काहीच ठरत नाही, आणि ते न ठरलेलं मुद्देसूद लिहायला तिची अख्खी दुपार जाते. आज घरी बसून ती 'वेळेची बचत' या विषयावरच्या बैठकीची मिनिट्स लिहीत होती. (बैठक लांबल्यामुळे बचतीचा मुद्दा पुढच्या बैठकीवर ढकलला होता.)

"आई, ती चाललीय!"

"पळतेय थोडीच? आलेच. एक मिनिट."

"शिंगं दाखवतेय बघ!"

"तिला म्हणावं, आई आलीच."

ठकीने निरोप इमानेइतबारे पोचवला. "गोगलगायबाई, थांबा हं. आमची आई येतेय." गोगलगाय थांबली नाही. (तिला घरी पिल्लं असावीत.)

इतक्यात साहेबांचा फोन. "बाई, झालं का?"

"एक मिनिट, सर!"

हे मिनिट मात्र सेकंदाला सेकंद लावून साठच भरलं. 'यापुढे कुणाचाही वेळ वाया जाणार नाही असे सर्वानुमते ठरले' हे शेवटचं वाक्य टाकून तिने मिनिट्स धाडली आणि खिडकी गाठली. काचेवर नुसती ओली रेघ होती.

"अगंबाई! एवढ्यात गेली?"

"एवढ्यात नाही. हळूहळू गेली," ठकी म्हणाली.

"गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते उगीच नाही," आई हसली. खरं तर ती म्हण तिच्या मिनिटालाच लागू होती. दिसायला एवढंसं, गरीब. चालायला लागलं की दुपार पार करून जातं.

(वाचकांनीही आपापल्या घरचं मिनिट एकदा मोजून पाहावं. आत्ता कुणी हाक मारत असेल तर त्याला थांबायला सांगावं. एकच मिनिट.)

ठकी त्या ओल्या रेघेवरून बोट फिरवत राहिली.

"आई, मी मोठी व्हायला किती मिनिटं राहिली?"

"पुष्कळ गं, सोन्या. मोजता येणार नाहीत इतकी."

"घड्याळातली नाही. तुझी किती?"