नऊ मृत्यूंचं वळण

अमडापूरच्या पुढे रस्ता जिथे अचानक वळतो, तिथे गतिरोधक हवा, असा रीतसर अर्ज कडूबाने केला होता. त्याची नात समीक्षा शाळेसाठी रोज तोच रस्ता ओलांडायची. वांगी-टोमॅटो पिकवणाऱ्या माणसाने एवढी हौस करायला हरकत नव्हती.

"तीन वर्षांत दहा मृत्यू झाले, तरच वळण धोकादायक," बांधकाम कार्यालयातले गोपाळराव फाइल चाळत म्हणाले. "तुमचे नऊच भरतात."

"आन् आमच्या गावातला धम्मरत्न? त्यालेबी तिथंच गाडीनं उडवलं, त्याले काऊन नाई धरलं?"

"तो दवाखान्यात एकतिसाव्या दिवशी वारला. तीस दिवसांच्या आत हवं."

कडूबाला फार वाईट वाटलं. पोरगा काटक, शेवटपर्यंत झुंजला, आणि एका दिवसासाठी गावाचं काम अडलं.

गावकऱ्यांनी मग स्वतःच मुरूम टाकून उंचवटा केला. चार महिने कोणाला साधं खरचटलं नाही. या गंभीर प्रकाराची दखल घेऊन कार्यालयाने जेसीबी पाठवला आणि तो अनधिकृत उंचवटा खरवडून नेला.

कडूबा तडक कार्यालयात गेला. गोपाळराव मनापासून हळहळले.

"चार महिने वाया घालवलेत, बाबा! मार्चमध्ये तुमच्या दोन मृत्यूंना तीन वर्षं होतात. ते बाद. मग उरले सात."

"मंग म्या काय करू, साहेब? पोरगी तं रोजच जाऊन राह्यली तिथून."

"मार्चच्या आत बघा काही जमतं का."

कडूबाने बघितलं. रोज सकाळी एका हाताने समीक्षाला धरून, दुसऱ्या हाताने लाल शेला हलवत तो वळणावर उभा राहू लागला. शेगावला दर्शनाला निघालेल्या गाड्यांना तो कुठल्याशा मंडळाची वर्गणी मागणारा वाटायचा. काचा वर जायच्या आणि गाड्या आणखी जोरात निघायच्या.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या गुरुवारी त्याने नातीला मागे ढकललं. स्वतःला मागे सरायला वेळ मिळाला नाही. जागीच गेला, त्यामुळे तीस दिवसांचा प्रश्न उद्भवला नाही. गोपाळरावांनी जातीने लक्ष घालून पंधरा दिवसांत गतिरोधक करून घेतला. समीक्षा आता एकटीच रस्ता ओलांडते.

परवा तुमची गाडी त्यावर दणकन आदळली, तेव्हा तुम्ही वैतागून म्हणालात, "इथे कशाला घातलाय हा?" मागच्या खेपेला त्याच वळणावर एक म्हातारा तुम्हाला हात करत होता. काच तुम्हीच वर केली होती.