जायच्या आधीचा निरोप

जायचं की नाही हे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं, आणि लिफ्ट-मेकॅनिकने बुधवारी सकाळीच तोंड उघडलं. तेही कुणापाशी, तर शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांपाशी!

"कंपनीच्या मोठ्या शहरातल्या वर्कशॉपचा प्रमुख म्हणून बोलावलंय," तो जिन्यात हळूच म्हणाला. "पण अजून काही नक्की नाही. कुणाला बोलू नका हं, सर."

"छे छे! माझ्या तोंडाला कुलूप," हेडमास्तर म्हणाले. कुलूप होतं बहुतेक, पण त्यांची बायको मागे दारातच उभी होती आणि त्यांचा जावई मेकॅनिकच्याच कंपनीत होता.

नक्की नव्हतं ते फक्त मेकॅनिकचं. त्याच्या बायकोचं केव्हाच ठरलं होतं. लेक झाली तेव्हा तिचं नर्सिंगचं शिक्षण अर्धवट सुटलं होतं. तिकडे कंपनीच्या घरापासून कॉलेज अगदी जवळ होतं. तिने फोन करून विचारूनही ठेवलं होतं. यंदा आलात तर घेऊ, पुढच्या वर्षी वयात बसणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. हे तिने नवऱ्याच्या कानावर घातलं, पण हट्ट धरायचा तिचा स्वभाव नव्हता. "बघा, तुम्हाला पटेल तसं," एवढं म्हणून ती गप्प बसली, आणि हा भला माणूस खरंच बघत बसला.

दुपारी हेडमास्तरीणबाई टेप घेऊन आल्या आणि विचारायच्या आधीच कपाट मोजायला लागल्या. "एवढं धूड कुठे नेणार तुम्ही? आमच्याकडे सुखात राहील." त्यांच्या पाठोपाठ खालच्या काकू सोफ्यावर बसून बघून गेल्या. बायको इतकी खुशीत होती की तिने दोन्ही देऊन टाकलं. संध्याकाळी मेकॅनिक घरी आला तेव्हा टेकायला जमीन तेवढी उरली होती.

"अगं, पण मी हो कुठे म्हटलंय?"

"मग म्हणा की," ती हसत म्हणाली.

गुरुवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. जावईबापूंनी आपलं काम चोख केलं होतं.

"उद्या दुपारी तुमचा निरोप समारंभ. गुच्छ सांगितलाय."

"साहेब, पण मी अजून होकार दिलेला नाही."

"हाच, हाच तुमचा विनय!" असं म्हणत साहेबांनी त्याची पाठ थोपटली. ज्या माणसाने इतक्या वर्षांत त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, त्याचा हात पाठीवर पडल्यावर मेकॅनिक पुढचं बोलायचं विसरला.

शुक्रवारी सगळी कंपनी जमली. "हा माणूस काळोखात खाली उतरला," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले, "म्हणून शेकडो माणसं निर्धास्तपणे वर गेली!" अकाउंट्सच्या बाईंनी डोळ्याला रुमाल लावला. साधा पाना मागितला तरी अंगावर येणारा त्याचा जोडीदार हुंदका देता झाला. लिफ्ट चालू असली की मेकॅनिक कुणाला आठवत नाही आणि बंद पडली की शिव्यांसकट आठवतो. आजवर कुणी त्याला बरं म्हटलं नव्हतं. त्याला भडभडून आलं. गुच्छ छातीशी धरून तो उठला आणि म्हणाला, "तुम्हाला सोडून मी कुठेही जाणार नाही!"

खोली चिडीचूप झाली. हे प्रेम आहे असं त्याला वाटलं. मग एकेकाचा चेहरा पडताना दिसायला लागला.

"अहो, पण भाषण झालं..." साहेब पुटपुटले.

"मग तिकडे मी जाऊ का, साहेब?" जोडीदाराने लगेच हात वर केला. त्याचे डोळे आता कोरडे ठणठणीत होते.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिथल्या तिथे वरिष्ठांना फोन लावून नाव बदललं. मेकॅनिकच्या हातातला गुच्छ जोडीदाराच्या हातात गेला, आणि साहेबांनी घसा साफ करून पुन्हा सुरुवात केली, "हा माणूस काळोखात खाली उतरला..." अकाउंट्सच्या बाईंनी त्याच वाक्याला रुमाल काढला.

घरी बायको भांडी खोक्यात भरत होती. लेक दुसऱ्या खोक्यात बसून हात हलवत सगळ्या भिंतींना टाटा करत होती. मेकॅनिक दारातच चप्पल काढत रेंगाळला. मग त्याने सगळं सांगितलं.

बायको बराच वेळ हातातला डबा पुसत राहिली. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"काय म्हणाले साहेब, परत सांगा बरं."

त्याने सांगितलं. ते वाक्य दुसऱ्यांदा उच्चारताना त्याची त्यालाच लाज वाटली.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढंच हवं होतं होय तुम्हाला? मग मीच घरी बोलले असते की हो. आज आपण गाडीत बसलो असतो."

"तू कधी बोलली नाहीस..."

"आणि तुम्ही?"

तो तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि धीर करून म्हणाला, "तू नर्स झाली असतीस ना, तर इतकी चांगली..."

"नको!" तिने त्याला मध्येच थांबवलं. "आता काही बोलू नका. तुमच्या तोंडून चांगलं ऐकलं की मला निरोप दिल्यासारखं वाटेल."

आणि तिने खोक्यातल्या लेकीला उचलून बाहेर काढलं.