सर शिकवायलेत

प्रयागाक्का फोनला ‘हजर’ म्हणतात.

पलीकडं कुणी असतं असं नाही. चार वाजता अभ्यासाचं ॲप उघडतं, त्यात कधीकाळी चित्रित करून ठेवलेला इंग्रजीचा तास सुरू होतो, चष्मेवाले एक सर ‘नमस्कार मुलांनो’ म्हणतात आणि अक्का डोक्यावर पदर ओढून खणखणीत आवाजात सांगतात, ‘‘हजर, सर!’’ हे सगळं आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर चालतं, कारण नेकनुरातल्या आमच्या गल्लीला धड रेंज मिळते ती तेवढ्या पायरीवर. तिसरीवर येत नाही, पाचवीवर येत नाही. आम्ही राहतो वरच्या मजल्यावर. म्हणजे चार ते पाच मी माझ्याच घरात कैदेत.

मी पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. चार वाजता स्टँडवर जायचं आणि बीडच्या गाडीतून कोण कोण उतरतं ते बघायचं, एवढंच सरकारी काम मला उरलं होतं. तेही गेलं. एकदा चपला हातात घेऊन, भिंतीला घासत निसटायला बघितलं. अक्कांनी फोनवरची नजर न काढता हात आडवा केला. ‘‘भाऊ, माघारी फिरा. सर शिकवायलेत.’’ मी फिरलो. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला इतक्या थोडक्यात कुणी परतवलं नव्हतं.

‘सर शिकवायलेत’ हे त्यांचं ब्रह्मवाक्य. भाजीवाली ओरडली तरी तेच, आमच्या बायकोनं कुकर लावला तरी तेच. चपला जिन्याखाली काढायच्या. सरांनी मधेच पाण्याचा पेला उचलला की व्हिडिओ थांबवायचा. ‘‘पिऊ द्या की निवांत. कवाधरनं बोलायलेत.’’ तास संपताना सर विचारतात, ‘‘समजलं का?’’ त्यावर अक्का खरं तेच सांगतात. समजलं असेल तर ‘‘समजलं, सर.’’ नसेल तर ‘‘न्हाई सर, परत सांगा,’’ आणि बोटानं तास मागं ओढून पुन्हा नमस्कार मुलांनो, पुन्हा हजर. इंग्रजीतला कर्मणी प्रयोग त्यांना अकरा वेळा समजला नाही. तेवढ्यात तो आमच्या घरात सगळ्यांना समजला.

‘‘अक्का, ते रेकॉर्डिंग हाय,’’ मी एकदा सांगून बघितलं.

‘‘ठाव हाय मला. पण माणूस तोंडानं इचारायलंय, आन् आपुन मुक्यावानी बसावं का?’’



अक्का आमच्या शेजारच्या. वय अठ्ठेचाळीस. अंगणवाडीत मदतनीस. वीस वर्षं त्यांनी गावची पोरं उचलून आणली, त्यांची नाकं पुसली, खिचडी वाढली. शिकवायची खुर्ची मात्र सेविकाबाईंची. त्या सेविकाबाई मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. मदतनीस बारावी झालेली असेल तर जागा तिला, नाहीतर दुसरीच कुणी. अक्कांचं नववीत लग्न लागलेलं. दहावी त्यांनी पोराच्या बरोबरीनं बाहेरून केली. पोरगा पुढं पुण्याला कारखान्यात लागला, नवरा वारला, आणि घरात एकट्या राहिलेल्या अक्कांनी मुक्त शाळेत बारावीला नाव घातलं. बाकीचे विषय सुटले. इंग्रजी दोनदा गेलं. ही तिसरी खेप, आणि मे महिना कुणासाठी थांबत नाही.

परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते. दुपारी एकच्या सुमाराला अक्का वर आल्या आणि फोन माझ्यापुढं धरला. ‘‘भाऊ, हे काय म्हणायलंय बघा. लाल अक्षरात हाय.’’

मी चष्मा लावला, वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. इंग्रजीचे दहा स्वाध्याय पाठवायचे होते. मिळालेले : शून्य. शेवटची मुदत : आज संध्याकाळी पाच. नाही पाठवले तर हॉल तिकीट नाही.

‘‘शून्य कसं?’’ अक्का म्हणाल्या. ‘‘दहाच्या दहा दिलेत की म्या!’’

‘‘कुठं? वही दाखवा.’’

‘‘वहीत कावून लिहू? सरांनी इचारलं तसं तोंडी सांगितलं.’’

‘‘अहो, सरांना ऐकू जात न्हाई!’’

‘‘सरांना न्हाई जात. फोनला तर जातं? भजन लाव म्हणलं की लावतो. बीडची गाडी कवा म्हणलं की सांगतो. मग एवढं उत्तर पुढं धाडायला त्याला काय धाड भरली?’’

बोलणं अगदी रास्त होतं, फक्त चुकीचं होतं. मी समजावून सांगितलं. ऐकल्यावर त्यांनी पदर खोचला आणि त्या म्हणाल्या, ‘‘कागद द्या.’’

‘‘मी लिहितो, तुमी सांगा. लवकर व्हईल.’’

‘‘सेविका मी व्हनार का तुमी?’’

चौथ्या पायरीवर बैठक मांडली. अक्कांचं अक्षर सुरेख, पण एकेक अक्षर रांगोळीसारखं घालायचं. उत्तर आधी मोठ्यानं म्हणायच्या, मग लिहायच्या. एकही त्यांनी पुस्तकात बघितलं नाही. सहाव्या उत्तरात अडल्या तेव्हा पुढची ओळ माझ्या तोंडातून गेली. आठ महिने वर कैदेत बसून माझीही बारावी होत आली होती. त्यांनी माझ्याकडं डोळे वटारून बघितलं आणि तीच ओळ आपल्या शब्दांत लिहिली.

मी फोटो काढून पाठवत होतो. तिसऱ्या पानावर माझ्या टकलाची सावली पडली, पुन्हा काढला. बायको चहा ठेवून गेली, तो तसाच गार झाला. साडेचारला लाईट गेली. आमच्याकडं लाईट गेली की थोड्या वेळानं टॉवरही मान टाकतो. आठ गेले होते. पावणेपाचला नववा गेला. दहावा अक्कांनी लिहून संपवला तेव्हा पाचला सात मिनिटं होती, आणि चौथ्या पायरीवर रेंजची एकही काडी नव्हती.

मी गच्चीवर पळालो. एकसष्टाव्या वर्षी पाण्याच्या टाकीवर चढलो. खाली अक्का शिडी धरून उभ्या. ‘‘गेला का? भाऊ, गेला का?’’ फोनवर गोल नुसता फिरत होता. मी फोन डोक्यावर धरला, डावीकडं धरला, उजवीकडं धरला. पाचला दोन मिनिटं असताना दहापैकी दहा झाले.

मी उतरलो तो घामानं भिजून आणि रागानं फुगून. त्यांना शाबासकी द्यायची सोडून मी तोंड सोडलं. ‘‘आठ महिने भिंतीशी बोललात, अक्का! कुणी ऐकत नव्हतं! तीच उत्तरं कागदावर लिहिली असती तर एवढी पाळी आली नसती!’’

 अक्का वही छातीशी धरून जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी चारला जिना मोकळा होता. मी स्टँडवर जाऊन आलो, पण कोण उतरलं ते लक्षात राहिलं नाही. तिसऱ्या दिवशीही त्या आल्या नाहीत. परीक्षा तोंडावर आणि ही बाई अभ्यास सोडून बसलेली. ‘‘तुमीच तोडलं, आता तुमीच जोडा,’’ बायको म्हणाली. माझं धाडस होईना.

चौथ्या दिवशी त्या आल्या. मी वर दाराशी कान लावून उभा. सर म्हणाले, ‘‘नमस्कार मुलांनो.’’ खालून आवाज नाही. सर पाणी प्यायले, व्हिडिओ थांबला नाही. तास संपला. ‘‘समजलं का?’’ जिना गप्प. मला राहवेना. मी उतरून पाचव्या पायरीवर बसलो.

‘‘बोलत न्हाईत, अक्का?’’

‘‘कुणाला बोलू? तुमी म्हणलात ते खरं हाय.’’ त्या फोनकडंच बघत होत्या. ‘‘भाऊ, पोरगा फोनवर इचारतो, जेवलीस का. मालक व्हते तवा इचारायचे, झालं का. वीस वर्सं सेविकाबाई इचारतेत, शिजलं का. समजलं का, असं मला हे सरच एक इचारायचे. मला वाटायचं, थांबलेत माझ्यासाठी.’’

आपण केवढं दुष्टपणानं बोललो ते मला तेव्हा कळलं. माफी मागायची सवय पोस्टात लागत नाही. मी हात लांबवून तास मागं ओढला, शेवटपर्यंत ऐकला आणि सर विचारणार तेवढ्यात त्यांचा आवाज बंद केला. मग मीच विचारलं, ‘‘समजलं का, अक्का?’’

 त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

‘‘न्हाई, सर. परत सांगा.’’

माझं इंग्रजी पोस्टाच्या फॉर्मांपुरतं. तरी सांगितलं. परीक्षेपर्यंत रोज सांगितलं, आणि चुकलो की त्याच मला दुरुस्त करायच्या.

इंग्रजीत एक्केचाळीस पडले. जून महिन्यापासून अक्का सेविका आहेत. चार वाजता माझा जिना मोकळा असतो, तरी मी स्टँडवर जात नाही. सकाळीच अंगणवाडीवरून एक चक्कर मारून येतो. परवा त्या पोरांना रंग शिकवत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘‘समजलं का?’’ सगळी एका सुरात ओरडली. कोपऱ्यातली एक नवी चिमुरडी तेवढी गप्प होती. अक्कांनी हातातलं चित्र बाजूला ठेवलं आणि तिच्यापुढं जमिनीवर मांडी घातली.

मी खिडकीतून म्हणालो, ‘‘अक्का, खिचडी गार व्हायली.’’

त्यांनी मागं न बघता हात आडवा केला, आणि त्या पोरीला म्हणाल्या, ‘‘सांग तू सावकाश. मी थांबते.’’