नवीन मुद्दा

सलून आणि औषधाचं दुकान यांच्या मधल्या रिकाम्या जागेत चार मजली इमारत होणार, ही बातमी निवृत्त मास्तरांनी आणली तेव्हा त्यांची हनुवटी सलूनवाल्याच्या हातात होती. त्याने वस्तरा खाली ठेवला. हनुवटी मात्र तशीच धरून ठेवली.

"म्हणजे माझी खिडकी गेली. दुकानात उजेड येतो तो त्या एका खिडकीतून. भिंत उभी राहिली की गाल कुठे संपतो आणि कान कुठे सुरू होतो, तेही कळायचं नाही."

"नगरपालिकेत सुनावणी आहे. तिथे सांगा," मास्तर छताकडे बघत म्हणाले. पण त्यांना हसू आलं होतं, ते सलूनवाल्याने आरशात टिपलं.

त्या दिवसापासून खुर्चीत बसेल त्याला भाषण ऐकावं लागलं. गळ्याभोवती कापड बांधलेला माणूस उठून जाणार तरी कुठे? हशा मिळालेली वाक्यं सलूनवाल्याने ठेवली, जांभई मिळालेली गाळली. गॅरेजवाल्याचे केस कापताना गाड्या लावायच्या जागेचा मुद्दा सुचला, औषधवाल्याच्या कल्ल्यांपाशी पाण्याचा.

"अहो, सगळं इथेच सांगून टाकताय. तिकडे काय सांगणार?" बायकोने एकदा विचारलं.

"सराव लागतो गं," तो म्हणाला.

सुनावणीच्या दिवशी बोलणाऱ्यांची नावं लिहून घेत होते. मुख्य भाषण शेवटी असावं म्हणून सलूनवाल्याने सगळ्यांना पुढे जाऊ दिलं, आणि इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून बायकोशेजारी ताठ बसून राहिला.

पहिले मास्तर उठले. "अध्यक्षबाई, त्या सलूनमध्ये उजेडच राहिला नाही तर गाल कुठे संपतो आणि कान कुठे सुरू होतो, हे कसं कळणार?"

सभागृह खो खो हसलं. सलूनवालाही सवयीने हसला आणि मग एकदम थांबला.

"ते माझं वाक्य आहे," तो बायकोच्या कानाशी पुटपुटला.

औषधवाल्याने पाणी उचललं. वरच्या मजल्यावरच्यांनी नळ सोडला की खालच्यांनी साबण लावून किती वेळ उभं राहायचं, हा सवालसुद्धा त्याने जसाच्या तसा केला. गॅरेजवाल्याने गाड्या घेतल्या. एवढ्यावर तो थांबता तर ठीक होतं, पण जाता जाता भरल्या गळ्याने म्हणाला, "आणि त्या जागेत आमच्या वहिनी सलूनचे टॉवेल वाळत घालतात, त्यांनी कुठे जायचं?" टाळ्या पडल्या. समितीतल्या एकाने चष्मा काढून डोळे पुसले.

सलूनवाल्याचं नाव पुकारलं गेलं.

"झालेले मुद्दे पुन्हा नकोत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "नवीन असेल तेवढंच सांगा."

तो माइकसमोर उभा राहिला. उजेड गेला होता, पाणी गेलं होतं, गाड्या गेल्या होत्या, टॉवेलही गेले होते. गप्प खाली बसावं, हा एक मार्ग होता. पण समोर एवढी माणसं असताना न बोलता बसणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

"विरोधात बोलण्यासारखं या मंडळींनी काही शिल्लकच ठेवलेलं नाही," तो म्हणाला. "राहिली दुसरी बाजू."

दुसऱ्या बाजूचं एखादंच वाक्य बोलून थांबायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण कोपऱ्यातला कारकून त्याचा शब्दन् शब्द टिपून घेऊ लागला. त्याचं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं. सलूनवाला खुलला.

"रिकाम्या जागेत आज काय आहे? गवत आणि उंदीर. तिथे आठ बिऱ्हाडं येतील. म्हणजे आठ दिवे, रस्त्यावर जाग, औषधवाल्याला खोकला, गॅरेजवाल्याला पंक्चर. आणि डोकी किती वाढतील बघा. डोकं म्हटलं की केस आले. ही माणसं केस कापायला कुठे जाणार, याचा विचार कुणी केलाय?"

बिल्डर मान डोलवत होता. गॅरेजवाला मात्र डोक्याला हात लावून बसला होता.

समितीचं आपसात बोलणं झालं आणि अध्यक्षबाईंनी निकाल सांगितला. "शेवटच्या वक्त्यांनी मांडलेली बाजू आमच्या ध्यानात आली नव्हती. इमारतीला मंजुरी. मात्र रहिवाशांच्या सोयीसाठी तळमजल्यावर सलूनसाठी गाळा राखून ठेवावा, ही अट."

"मोठाच काढतो," बिल्डर आनंदाने म्हणाला. "एसीसकट."

बाहेर आल्यावर सलूनवाल्याशी कुणी बोललं नाही. मास्तर तर रस्ता ओलांडून पलीकडून चालू लागले. बायको मागे राहिली होती. ती कोपऱ्यावर येऊन गाठेपर्यंत तो दिव्याच्या खांबाला टेकून उभा होता.

"छान बोललात," ती म्हणाली.

"तू तरी टोमणे मारू नकोस."

"खरंच. मला पटलं. लगेच बिल्डरला गाठलं. तुमच्या भाषणाने काम झालं म्हणून खूश होता. गाळ्यावर पहिला हक्क आपला म्हणाला."

सलूनवाल्याच्या जिवात जीव आला. "आणि उजेड?"

"दोन खिडक्या. दोन्ही रस्त्याकडे."

"मग दुकानातलं सामान तिकडे हलवायला..."

"सामान कशाला हलवायचं? तुम्ही आपले आहात तिथेच बसा," बायको चालू लागत म्हणाली. "तिकडे मी कारागीर ठेवणार आहे. कमी बोलणारा."