उजवा काचेचा, डावा प्लास्टिकचा

सासरे तळ्यावरून पुन्हा रिकाम्या हातानं परतले, तेव्हा सासूबाईंनी त्यांची टोपली सगळ्यांसमोर उलटी करून दाखवली. "बघा, औषधाला तरी एखादं शेपूट सापडतंय का!"

सासरे निवृत्त वाहतूक हवालदार. उभी हयात चौकात शिट्टी फुंकण्यात गेल्यामुळे की काय, घरात ते चकार शब्द काढत नसत. पण त्या दिवशी त्यांनी कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या जावयाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाण्यावर चकाकी फार. मासा दिसत नाही."

जावई ग्रंथपाल होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांनी आपणहून त्याच्याशी काढलेले हे पहिलेच उद्गार. ते त्यानं काळजावर कोरून घेतले.

ग्रंथपालाला साधी छत्री घ्यायची तरी आधी छत्र्यांवर वाचायला लागे. आठवडाभरात त्यानं गॉगलवर मिळेल ते वाचून काढलं. पाण्यावरून उसळणारा उजेड अडवायला पोलराइज्ड गॉगल लागतो, तो घातला की पाण्याच्या आतलं दिसतं, इथपर्यंत गाडी सुरळीत आली. पुढे दोन फाटे फुटले. भिंग काचेचं की प्लास्टिकचं?

"प्लास्टिकचं घ्या," बायको दुकानाची पायरी चढतानाच म्हणाली. ती नर्स होती आणि दिवसपाळी संपवून तशीच आली होती. "तुमच्या हाती काच म्हणजे माकडाच्या हाती कोलीत."

"काचेतून स्वच्छ दिसतं. शिवाय चरे पडत नाहीत."

"दोघांचंही बरोबर आहे," चष्मेवाला म्हणाला. गिऱ्हाइकांच्या घरात भांडण लावायचं नाही, हे तो धंद्यात शिकला होता. त्यानं दोन गॉगल पुढे ठेवले. "फ्रेम एकच, भिंगं वेगळी. हा काचेचा. जड आहे, पडला तर गेला. हा प्लास्टिकचा. हलका, पण चरे पडू शकतात."

"पडू शकतात म्हणजे किती?"

"वापरावर आहे."

असल्या मोघम उत्तरानं ग्रंथपालाचं समाधान होणं शक्य नव्हतं. त्यानं खिशातून किल्ली काढली आणि कुणी हां हां म्हणेपर्यंत प्लास्टिकच्या उजव्या भिंगावर ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत झकास चरा उमटला.

"अहो!" बायको आणि चष्मेवाला एका सुरात ओरडले. त्या दचक्यानं ग्रंथपालाच्या दुसऱ्या हातातला काचेचा गॉगल निसटला. तो डाव्या बाजूवर पडला आणि त्या भिंगाला तडा गेला.

"वाचलं होतं त्यात काही चूक नव्हती," ग्रंथपाल पुटपुटला.

बायको छताकडे बघत राहिली. दोन्ही गॉगल आता त्याचेच होते. नवी भिंगं यायला आठवडा लागणार होता, आणि त्यानं तर सासऱ्यांना फोन करून टाकला होता, "बाबा, उद्या मी येतो तळ्यावर. मासा कुठं आहे ते मी सांगतो, तुम्ही गळ टाका." पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला होता. तो आनंदाचाच असणार, असं त्यानं धरलं होतं.

शेवटी चष्मेवाल्यानं तोडगा काढला. दोन्ही गॉगलच्या धड बाजू एका फ्रेममध्ये बसवल्या. उजवीकडे काच, डावीकडे प्लास्टिक.

दिसायला गॉगल राजबिंडा होता. फक्त जड काचेमुळे तो उजवीकडे घसरायचा. तो नाकावर टिकवायचा तर मान डावीकडे कलती ठेवावी लागे. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या काठावर ग्रंथपाल पेरूकडे बघणाऱ्या पोपटासारखा बसला होता. आणि मान कलती केल्यावर पोलराइज्ड गॉगलची निम्मी विद्या वाया जाते, हे नेमकं त्याच्या वाचनातून निसटलं होतं. चकाकी होती तिथंच होती.

"दिसतोय का मासा?" सासऱ्यांनी विचारलं.

"अजून नाही, बाबा."

"बरं झालं," सासरे म्हणाले आणि घाईघाईनं सावरले, "म्हणजे, होईल, होईल." जावयानं गप्प बसावं म्हणून त्यांनी आपला जादा गळ त्याच्या हाती दिला. ग्रंथपालानं घरून मळून आणलेली कणकेची गोळी त्याला लावली आणि पाण्यात सोडली.

बऱ्याच वेळानं सासऱ्यांना राहवेना. "जावईबापू, मान सरळ करा हो. तुमच्याकडे बघून माझी अवघडली."

ग्रंथपालानं एका बोटानं गॉगल वर धरला आणि मान सरळ केली. पाण्यावरचा पडदा कुणीतरी सर्रकन ओढावा तसं झालं. तळाचे गोटे दिसले, शेवाळ दिसलं, इकडून तिकडे फिरणारे मासे दिसले. आणि सासऱ्यांचा गळ दिसला. त्याला काहीच लावलेलं नव्हतं.

"बाबा, तुमचं आमिष मासा खाऊन गेला!"

सासऱ्यांनी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. मग हळूच म्हणाले, "लावलंच नव्हतं."

"आज विसरलात?"

"कधीच लावत नाही." त्यांनी पाण्यावरची नजर काढली नाही. "तीस-पस्तीस वर्षं कानाशी हॉर्न. इथं कुणी वाजवत नाही. मासा लागला की धडपड आली, घरी नेला की कौतुक आलं, आणि कौतुक झालं की पुढच्या खेपेला सगळं घर डबे घेऊन पाठोपाठ आलं."

ग्रंथपालानं नुसती मान डोलावली. त्याचं स्वतःचं आयुष्य 'शांतता राखा' या पाटीखाली गेलेलं. त्याला ही तहान सांगायला नको होती. तेवढ्यात त्याच्या हातातला गळ जोरात ओढला गेला. दोघांनी मिळून खेचला, तर कोपरापर्यंत भरेल असा मासा काठावर येऊन तडफडायला लागला. ग्रंथपालाच्या जन्मातला पहिला मासा! त्यानं सासऱ्यांकडे पाहिलं. भर चौकात दिवे बंद पडावेत तसा त्यांचा चेहरा झाला होता.

ग्रंथपालानं एक सुस्कारा सोडला आणि पाठोपाठ मासाही सोडला. त्या वाकण्यात गॉगल नाकावरून उतरला आणि माशामागून पाण्यात गेला. तो कुठं पडला हे बघायला तोच गॉगल हवा होता.

घरी बायकोनं दारातच विचारलं, "गॉगल कुठाय?"

"तळ्यात. पण अगं, एवढा मासा लागला होता! सोडून दिला."

"सोडून दिला म्हणे!" सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. बायकोलाही हसू आवरेना. ग्रंथपालानं आशेनं साक्षीदाराकडे पाहिलं.

सासऱ्यांनी शांतपणे चपला कोपऱ्यात लावल्या. "मी नाही बुवा पाहिला," ते म्हणाले.

आणि हात धुवायला जाताना जावयाच्या खांद्याला खांदा लागला तेव्हा त्यांनी कुजबुजत विचारलं, "पुढच्या रविवारी येशील ना रे?"