घोरण्याचा स्फटिकांवरील परिणाम

प्रोटीनचे स्फटिक हे अत्यंत लाजाळू जीव आहेत (जीव नाहीत, पण संस्थेच्या वार्षिक अहवालात तसं छापलं गेलं आहे). जरा खुट्ट झालं की त्यांची वाढ खुंटते. म्हणून प्रयोगशाळेत चपला बाहेर, फोन बंद आणि शिंक पूर्वपरवानगीने.

अशा पवित्र शांततेत काका, म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई, दुपारी डबा खाऊन स्फटिकांच्या कपाटाशेजारी घोरताना पकडले गेले. निवृत्तीला अकरा महिने उरले होते आणि बडतर्फीची नोटीस टाइपही झाली होती. एवढ्यात कोणीतरी कपाट उघडलं, तर काकांच्या डोक्यालगतच्या खणात चकचकीत स्फटिक! बाकीच्या खणांत ठणठणाट.

संचालकांनी नोटीस उलटी करून तिच्या पाठीवर शोधनिबंधाचं शीर्षक लिहिलं. पाहणी मात्र रीतसर झाली. एकूण डुलक्या एकेचाळीस, फलदायी अडतीस, निष्फळ तीन (काकांना सर्दी होती). काका 'ध्वनी-साहाय्यक' झाले. कामाची वेळ दीड ते चार. त्या वेळेत जागं राहणं हा शिस्तभंग.

"तीस वर्षं कानावर उशी घेऊन झोपतेय मी," काकू म्हणाल्या, "माझा कुणी निबंध छापला नाही!"

जबाबदारी अंगावर पडताच काकांची झोप उडाली. बिचारे डोळे मिटून खोटं खोटं घोरू लागले. स्फटिक तरीही वाढतच राहिले, तेव्हा काकांच्या मनात पाल चुकचुकली.

स्फटिक मिठाचेही होतात, दिसायला तसेच, पण संशोधनाला निरुपयोगी. ओळखायची रीत याच स्फटिकांवर प्रबंध लिहिणाऱ्या संशोधक मुलीनेच त्यांना कधीतरी सांगितली होती. सुईने टोचायचं, प्रोटीनचा मुकाट चुरा होतो, मीठ वाजतं. (स्फटिकांजवळ आवाजाला मनाई असल्याने ही चाचणी सध्या स्थगित होती.)

सभागृहात संचालकांचा सत्कार चालू असताना काकांनी सुई उचलली.

कट्ट.

दारात संशोधक मुलगी उभी होती. तिला प्रबंध सादर करायला दहाच दिवस उरले होते.

"काका, काही वाजलं का?"

काकांनी सुई हळूच टेबलावर ठेवली. निवृत्तीला अकरापैकी नऊ महिने अजून बाकी होते.

"नाही हो मॅडम. मी झोपलो होतो."

"मलाही नाही ऐकू आलं," ती म्हणाली आणि सुई जागेवर ठेवून निघून गेली.

काकांना स्वतःची फार लाज वाटली. मग घड्याळात दीड वाजला आणि ते घोरायला बसले.

वाचकहो, तुम्हाला मात्र तो आवाज स्पष्ट ऐकू आला आहे. घाबरू नका. तुमच्या कचेरीत असं काही वाजलं की तुम्ही जसे बसता, तसेच बसून राहा.